वैशाखांतलें आकाश आणि आमच्या कुरडया

वैशाखाचा दुसरा पंधरवडा उजाडला कीं सीताबर्डीवरील आमच्या घरीं रोज सकाळीं गच्चीच्या जिन्यावर एक परिषद भरते. चहाची पहिली फेरी झालेली असते, ऊन अद्याप शेजारच्या भिंतीवरून उतरलेलें नसतें, आणि सभेपुढें प्रश्न एकच असतो : आज कुरडया घालाव्या कीं न घालाव्या? ज्यांच्या घरीं हें काम अद्याप होतें त्यांना त्यांतील निकड सांगावयास नको. गहूं तीन दिवस आधीं भिजत टाकलेले असतात, वाटून चीक काढलेला असतो, तो रात्रभर निवळत ठेवलेला असतो. आणि सकाळीं तो शिजवून सोऱ्यांतून घातला नाहीं, तर सायंकाळपर्यंत आंबून जातो. बरें, घातल्या आणि चार वाजतां आभाळ फुटलें, तर चार दिवसांच्या कष्टांचा लगदा होऊन पन्हळीवाटे रस्त्यावर जातो.

परिषदेंत पक्ष तीन. पहिला आमच्या काकांचा. त्यांच्या हातीं पंचांग असतें व बोट रोहिणी नक्षत्रावर. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणींत शिरला कीं नवतपा लागला. ते नऊ दिवस आकाशानें कोरडेंच राहिलें पाहिजे, आणि न राहिल्यास पुढील पावसाळ्याचें कांहीं खरें नाहीं, असें त्यांचें मत. दुसरा पक्ष आत्याबाईंचा. त्यांचें प्रमाण म्हणजे त्यांचा उजवा गुडघा. तिसरा पक्ष आमच्या धाकट्या पुतण्याचा. सोनेगांवच्या विमानतळाजवळील प्रादेशिक हवामान केंद्राचें पत्रक तो फोनवर वाचून दाखवितो. निकाल मात्र मोठ्या वहिनी देतात, कारण चीक त्यांनीं काढलेला असतो.

गेल्या वर्षीं एका सकाळीं पुतण्यानें वाचलें : नागपूर जिल्ह्यांत तुरळक ठिकाणीं मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह पाऊस, वाऱ्याचा वेग ताशीं ४० ते ५० किलोमीटर. वहिनींनीं सोऱ्या परत ठेवला. त्या दिवशीं सीताबर्डीवर ऊन असें कांहीं पडलें कीं कूलरची टाकी दोनदां भरावी लागली. ढग म्हणून दिसला नाहीं. चीक आंबला. काकांनीं पंचांग मिटतांना जो एक आवाज केला तो आम्ही विसरलों नाहीं. पुढें आठवडाभर पुतण्याला घरांत ‘हवामान खातें’ हेंच नांव पडलें. परंतु त्याच रात्रीं कामठीकडील आमच्या व्याह्यांचा फोन आला, कीं सायंकाळीं पांचाच्या सुमारास त्यांच्या अंगणांतला लग्नाचा मांडव वाऱ्यानें उचलून शेजारच्या कौलांवर नेऊन ठेवला. मग अंदाज खोटा ठरला, कीं खरा?

उत्तर त्या पत्रकांतल्याच एका शब्दांत होतें, आणि तो शब्द आम्हीं सर्वांनीं ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. ‘तुरळक’ हा शब्द हवामान खातें मोजून वापरतें. एखाद्या प्रदेशांत जितकीं पर्जन्यमापनाचीं ठाणीं असतील, त्यांपैकीं फार तर चौथ्या हिश्श्यावर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणीं’ असें म्हणावयाचें. त्याच्या वर निम्म्यापर्यंत ‘कांहीं ठिकाणीं’, निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणीं’, आणि त्यावर गेलें म्हणजे जवळजवळ सगळीकडे. म्हणजे चार ठाण्यांपैकीं तीन ठाणीं ठणठणीत कोरडीं राहिलीं तरी तुरळकाचा अंदाज खराच. रंगांचेंही तसेंच आहे. पिवळा म्हणजे लक्ष असूं द्या, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, आणि लाल म्हणजे आतां विचार पुरे, हालचाल करा. वर्तमानपत्रें पिवळ्या रंगालाही लाल शाईंत छापतात, त्यास इलाज नाहीं.

उन्हाळ्यांतील वादळी पावसाचा स्वभावच असा कीं तो तीन दिवस आधीं पत्ता देत नाहीं. मे महिन्यांत राजस्थान व मध्यप्रदेशाकडून कोरडे, तापलेले वारे विदर्भावर येतात. बंगालच्या उपसागराकडून दमट वाऱ्याचा एखादा पदर आंत सरकतो. हे दोन वारे जेथें एकमेकांस भेटतात त्या रेषेवर, दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दमट पदरास घेऊन वर जाते. वर थंडी असली कीं बाफेचें पाणी होतें, पाणी होतांना आणखी ऊब सुटते, आणि ती ऊब ढगाला आणखी वर लोटते. दोन वाजतां कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग चार वाजेपर्यंत बारा किलोमीटरांवर उंच जातो. त्याचें सारें आयुष्य तासा-दीड तासाचें आणि रुंदी दहा-पंधरा किलोमीटरांची. चुलीवरचें दूध उतूं जाणार हें आपण सांगूं शकतों; पहिला बुडबुडा भांड्याच्या कोणत्या कडेला येईल हें सांगतां येत नाहीं. सोनेगांवहून रोज पहाटे साडेपांचच्या व सायंकाळीं साडेपांचच्या सुमाराचें निरीक्षण टिपण्यासाठीं एक फुगा वर सोडतात. तो उष्णता, ओलावा व वारा मोजीत जातो. सकाळच्या फुग्यावरून दूध तापलें आहे कीं नाहीं हें कळतें. बुडबुडा कोठें आला हें मात्र त्याच केंद्राच्या डॉप्लर रडारलाच दिसतें, आणि तें ढग जन्मल्यावर. म्हणून केंद्राकडून दोन प्रकारचे निरोप येतात : एक, पुढील कांहीं दिवसांचा, आणि दुसरा, येत्या तीन तासांपुरता. आम्हीं गहूं भिजवितांना लागतो तो निरोप पहिल्या प्रकारचा, आणि तोच सर्वांत अंधुक.

हे ढग असे अल्पायुषी असले तरी एकामागून एक त्याच जागीं उठत राहिले, तर काय होतें हें सीताबर्डीनें पाहिलें आहे. तो उन्हाळा नव्हता, २०२३च्या सप्टेंबरांतली २२ तारखेची रात्र होती. चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडला, नाग नदी रस्त्यावर आली, आणि सकाळीं मोरभवनच्या स्थानकांत एस्टी गाड्या पाण्यांत उभ्या होत्या.

मोठ्या चक्री वादळांची गोष्ट निराळी. तीं शेंकडों किलोमीटर रुंद असतात, दिवसानुदिवस जगतात, उपग्रहांना समुद्रावरच दिसतात, आणि त्यांचा मार्ग चार-पांच दिवस आधीं बराचसा रेखाटतां येतो. आपल्या हवामान खात्याची उभारणी १८७५ सालीं झाली, तिच्यामागें १८६४च्या कलकत्त्याच्या भयंकर वादळाची आठवण होती. ओडिशांत १९९९च्या ऑक्टोबरांत आलेल्या महावादळानें सुमारें दहा हजार माणसें नेलीं. त्याच किनाऱ्यावर ३ मे २०१९ रोजीं ‘फणी’ आलें, तेव्हां बारा लाखांवर माणसें आधींच हलविलीं गेलीं होतीं, आणि बळींची संख्या शंभराच्या आंत राहिली. अंदाजाची किंमत ह्याहून स्पष्ट कोठें दिसणार?

परंतु समुद्रापासून इतक्या आंत बसलेल्या आम्हां नागपूरकरांना त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही वाटत असे, २०२० सालापर्यंत. त्या वर्षीं मे महिन्यांत टाळेबंदी होती. लग्नें पुढें गेलेलीं, बाजार बंद, आणि सगळें घर संध्याकाळीं गच्चीवर. बंगालच्या उपसागरांत ‘अम्फान’ नांवाचें वादळ उठल्याचें कळलें. पुतण्यानें रोज त्याचा नकाशा दाखवावा आणि आम्हीं रोज म्हणावें, बिचारा बंगाल! २० मे रोजीं तें सुंदरबनाच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें. येथून सुमारें हजार किलोमीटरांवर. आमच्या मनानें प्रकरण मिटलें. पण पुढच्या चार-पांच दिवसांत नागपूरचा पारा ४६ अंशांच्या वर गेला. इतकें प्रचंड वादळ आपल्याकडे दूरदूरचा ओलावा ओढून घेतें. तें निघून गेल्यावर मागें रिकामी, कोरडी हवा राहते, आणि त्या पोकळींत वायव्येचे तापलेले वारे बिनदिक्कत शिरतात. वादळ बंगालांत झालें, ऊन आमच्या अंगणांत पडलें.

नेमका त्याच आठवड्यांत नवतपा लागला होता. काकांनीं पंचांग उघडून बोट ठेवलें आणि कोणाकडे न पाहतां म्हणाले, “लिहिलेलंच आहे.” त्या दिवशीं त्यांच्याशीं वाद घालण्यास कोणी धजलें नाहीं. पण नंतर आमच्या मनांत आलें, कीं नवतपा दर वर्षीं त्याच तारखांना येतो, ऊन मात्र दर वर्षीं सारखें येत नाहीं. पंचांगानें ऋतु सांगितला, तो खराच आहे. शेंकडों वर्षें पाहून ठेवलेला आहे. ह्या वर्षींच असें कां, हें विचारावयाचें तर नकाशाच काढावा लागतो. काकांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं चष्मा पुसला व म्हटलें, “नकाशालाही रोहिणी ठाऊक असेल तर बरं.”

पंधरा दिवस झाले नाहींत तोंच अरबी समुद्रांत दुसरें उठलें. ‘अम्फान’ हें उत्तर हिंदी महासागरांतील वादळांच्या जुन्या यादींतलें शेवटचें नांव होतें, थायलंडनें दिलेलें. ‘निसर्ग’ हें तेरा देशांनीं मिळून केलेल्या १६९ नांवांच्या नव्या यादींतलें पहिलें, बांगलादेशानें दिलेलें. ३ जूनला तें अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. आमच्याकडील पुष्कळ घराण्यांचीं मुळें कोंकणांत. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्याचे फोन येऊं लागले. पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेली बाग दुपारच्या दोन-तीन तासांत गेली, आणि नवी पोफळ धरावयास वर्षें लागतात. दुसऱ्या दिवशीं त्या वादळाचा दुबळा झालेला अवशेष पश्चिम विदर्भापर्यंत येऊन पोहोंचला. जें कोंकणचें छप्पर घेऊन गेलें, त्याचीच शेवटची झुळूक विदर्भाच्या वाट्यास आली. ती सुखद होती असें म्हणावयाची लाज वाटते, पण होती.

उष्म्याच्या बाबतींत अंदाज बराच आधीं व बराच अचूक मिळतो, म्हणून त्याविषयीं फार लिहीत नाहीं. पण आंकडा कोणाचा, हें पाहावें. ३० मे २०२४ रोजीं सीताबर्डीला लागूनच असलेल्या रामदासपेठेंत, कृषि विद्यापीठाच्या मळ्यांतील स्वयंचलित ठाण्यानें ५६ अंश दाखविले. देशभर बोभाटा झाला. जगांत मान्य झालेला सर्वाधिक आंकडा अमेरिकेंतील डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३चा, ५६.७ अंश, आणि नागपूरचा स्वतःचा उच्चांक मे २०१३ मधील ४७.९. म्हणजे आमच्या रामदासपेठेनें एका दुपारींत मरुभूमीशीं बरोबरी केली! हवामान खात्यानें लवकरच खुलासा केला, कीं त्या ठाण्याचें यंत्र बिघडलें होतें. आमच्या घरीं त्या दिवशीं दूधवाल्यापासून सर्वांनीं ५६चा उच्चार अभिमानानें केला; खुलासा मात्र कोणी कोणास सांगितला नाहीं. ४५ अंश पुरेसे आहेत. वृद्धांना व लहानांना बारा ते चार बाहेर न पाठविण्यास, माठांत वाळा टाकून ठेवण्यास, कांद्याचा व कैरीचा मारा करण्यास त्याहून मोठा आंकडा लागत नाहीं.

आतां ज्यासाठीं हें सारें लिहावयास घेतलें तें.

कळमेश्वरच्या पलीकडे आमच्या घराण्याचा थोडासा संत्र्यांचा बगीचा आहे. तो एक जोडपें राखतें. नवरा-बायको दोघेंही आमच्या आधींपासून त्या मातीला ओळखतात. गेल्या वर्षीं, चीक आंबल्याच्या त्या फजितीनंतर दहा-बारा दिवसांनीं, वहिनींनीं पुन्हां गहूं भिजविले. ह्या खेपेस परिषदेनें पत्रक ऐकून घेतलें आणि बाजूस ठेवलें. सकाळीं कुरडया घातल्या. गच्चीभर पांढरीं धोतरें व त्यांवर तीं जाळीदार चक्रें. अडीच वाजतां पुतण्याच्या फोनवर तीन तासांपुरता निरोप आला : नागपूर जिल्ह्यांत वादळी वारा व विजा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें विजांची सूचना देणारी ‘दामिनी’ नांवाची सोय काढली आहे, आपल्याभोंवतीं वीस ते चाळीस किलोमीटरांत वीज पडत असल्यास ती सांगते. तिच्या नकाशावर कळमेश्वरच्या बाजूस ठिपके उमटूं लागले होते. पुतण्या ओरडला, “काकू, गच्ची!” आणि घरांतलीं होतीं नव्हतीं तेवढीं माणसें जिन्याकडे धांवलीं. त्या दिवशीं आत्याबाईही वर आल्या, गुडघ्यासकट. अर्ध्या तासांत सगळ्या कुरडया माजघरांत पोहोंचल्या. एकही भिजली नाहीं. सव्वाचार वाजतां पाऊस आला, आणि आम्ही ओसरीवर उभें राहून पुतण्याची पाठ थोपटली.

साडेसहाला कळमेश्वरहून फोन आला. बगीच्याच्या बांधावरच्या जुन्या आंब्यावर वीज पडली होती. त्याच आंब्याखालीं तीं दोघें रोज दुपारीं भाकरी खातात व आडवीं होतात. तीं वांचलीं होतीं. खाली बांधलेली कालवड गेली.

ठिपके कळमेश्वरवर उमटतांना आम्हीं पाहिले होते. फोन आमच्या हातांत होता, आणि त्यांचा क्रमांक त्या फोनांत होता. अर्धा मिनिट पुरलें असतें. घरांतल्या नऊ माणसांपैकीं एकाच्याही मनांत तें आलें नाहीं; आमच्या मनांत कुरडया होत्या. हें लिहितांना शब्द जड होतात, पण लिहिल्यावांचून चालत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिकडे गेलों. आंबा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोलला गेला होता, आंतलें लांकूड ओल्या हाडासारखें दिसत होतें. तुम्हांस कसें कळलें, असें विचारलें, तर तो म्हणाला, “आभाळ पाह्यलं, मातीचा वास आला, म्हून उठलो जी. मोटारीच्या खोलीत गेलो.” मग थोडें थांबून, “कालवड सोडाले वेळ नाही भेटला. धा मिनिटं आधी कळतं, तं सोडली असती.” त्याच्या बोलण्यांत आमच्यावर ठपका नव्हता. फोन करतां आला असता हें त्याला ठाऊकच नव्हतें, आम्हांला होतें.

अपघाती मृत्यूंच्या सरकारी नोंदीप्रमाणें आपल्या देशांत विजेनें वर्षास दोन हजारांहून अधिक माणसें मरतात, आणि त्यांत पुष्कळशीं शेतांत, झाडाखालीं किंवा गुरांमागें असतां. झाडाचा आडोसा हाच घात करतो. पक्कें घर किंवा बंद मोटारगाडी सुरक्षित. मोकळें रान, एकटें झाड, तळ्याचा कांठ व पत्र्याची उघडी छपरी नव्हे. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आंकडे मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर धरावा. तीस मोजण्याच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर आपण तिच्या टप्प्यांत आहों असें समजून घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. आपण शहरांतलीं माणसें पक्क्या छपराखालीं बसून हे निरोप सर्वांत आधीं वाचतों. ज्यांना त्यांची गरज आहे तीं उघड्यावर असतात, आणि त्यांचा साधा फोन पुष्कळदां झोपडींत खुंटीवर असतो. म्हणून तो सोबत ठेवा असेंही आतां सांगितलें आहे.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर आतां एक कागद चिकटविला आहे. त्यावर कळमेश्वरचा क्रमांक आहे, कामठीच्या व्याह्यांचा आहे, आणि वहिनींच्या माहेरचा, काटोलकडचा आहे. तीन तासांचा निरोप आला कीं पुतण्यानें आधीं हे फोन करावयाचे व मग गच्चीकडे पळावयाचें, असें ठरलें आहे. काकांनीं त्या कागदाच्या कोपऱ्यांत मृगाच्या प्रवेशाची तारीख लिहून ठेवली आहे, तीही राहूं दिली आहे.

ह्या वैशाखांत आतांपर्यंत तीनदां फोन झाले. पहिल्या खेपेस पाऊस आला. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस कळमेश्वरला थेंब पडला नाहीं, आणि तीं दोघें काम सोडून तासभर मोटारीच्या खोलींत बसून राहिलीं. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्हीं ओशाळून फोन केला, कीं तुमची उगीच खोटी झाली. पलीकडून उत्तर आलें, “नाही आला तं नाही आला. सांगत जा जी.”